वायरशार्क दाखवतो तो अर्थ, बाइट नव्हे

नेटवर्कवरचे प्रोटोकॉल उलगडून पाहायचे म्हटले की वायरशार्कचे नाव हमखास निघते. जेराल्ड कोम्ब्स यांनी 1998 मध्ये ते 'इथरिअल' या नावाने आणले; आजचे नाव 2006 मधले. ते सुरू केले की ऑफिसातल्या सगळ्यांची पॅकेटे दिसू लागतात, हा समज चुकीचा आहे. स्विच एकाचे पॅकेट दुसऱ्याच्या तारेवर सहसा पाठवतच नाही. त्यामुळे पोर्ट मिररिंग लावले नसेल, तर आपली आणि ब्रॉडकास्टसारखी सर्वांसाठीची पॅकेटे, एवढेच हाती लागते.

याहून घातक समज म्हणजे पडद्यावर दिसते तेच तारेवर घडले, असे मानणे. बाइट ही वस्तुस्थिती. त्यांना दिलेले 'डीएनएस' हे नाव म्हणजे लावलेला अर्थ, आणि तो बऱ्याचदा पोर्ट क्रमांकावरून लावलेला असतो. यूडीपीच्या 53 क्रमांकावर कोणी स्वतःचा वेगळाच प्रोटोकॉल चालवला, तर वायरशार्क तो डीएनएस म्हणून वाचू पाहतो आणि धडधाकट पॅकेटाला 'मालफॉर्म्ड' ठरवू शकतो. अशा वेळी 'डिकोड अ‍ॅज' वापरून वाचण्याचा नियम आपणच बदलायचा असतो. बाइटही दरवेळी जसेच्या तसे नसतात. चेकसम काढण्याचे काम आजकाल नेटवर्क कार्डाकडे असते आणि जाणारे पॅकेट त्याआधीच टिपले जाते. म्हणून ते चुकीचे भासते. इथरनेटची नेहमीची मर्यादा 1500 बाइटांची असताना कित्येक हजार बाइटांचे पॅकेट दिसते, तेही याचमुळे: तुकडे कार्ड नंतर पाडते. हे ठाऊक नसले की निर्दोष सर्व्हरवर दिवस वाया जातो, आणि ते मला फार खटकते.

यावर आक्षेप येतो, की आता सगळेच कूटबद्ध असल्यावर हे साधन हवे कशाला? टीएलएस 1.3 ने 2018 मध्ये सर्व्हरचे प्रमाणपत्रही झाकले, हे खरे. वायरशार्क ते कुलूप फोडत नाही. पण स्वतःच्या ब्राउझरला 'एसएसएलकीलॉगफाइल' या व्हेरिएबलमधून फाइलचा पत्ता दिला, तर फायरफॉक्स आणि क्रोम त्या सत्राच्या किल्ल्या तिथे लिहितात आणि आपलाच संवाद वाचता येतो. किल्ल्या नसल्या तरी टीसीपीवर पुन्हा पाठवलेली पॅकेटे आणि प्रत्येकाची वेळ उघडी राहते. विनंतीची पोच लगेच आली, पण उत्तराचा पहिला बाइट तीन सेकंदांनी निघाला, तर शोध तारेवर नव्हे, सर्व्हरच्या बाजूला घ्यायचा, एवढे त्यावरूनही कळते.