कनिष्ठ हॉकीचा एक हंगाम : विद्यार्थी की कामगार?

‘वेस्टर्न हॉकी लीग’ ही बर्फावरील हॉकीची संघटना पश्चिम कॅनडात १९६६ मध्ये स्थापन झाली. खेळाडू बहुतांशी सोळा ते वीस वर्षांचे. २०२४-२५ च्या हंगामात तीत २२ संघ होते. पैकी सहा अमेरिकेच्या वॉशिंग्टन व ओरेगन राज्यांतील. या हंगामाच्या आधारे तेथील खेळाडूचा दर्जा नेमका कोणता, एवढ्याच प्रश्नाचा येथे विचार करावयाचा आहे.

सप्टेंबर ते मार्च या अवधीत प्रत्येक संघ ६८ सामने खेळला. व्यावसायिक नॅशनल हॉकी लीगमध्ये ही संख्या ८२ होती, हे ध्यानात घेतले म्हणजे कुमारवयीन मुलांवर पडणाऱ्या भाराची कल्पना येते. निम्मे सामने परगावी. प्रवास मुख्यतः बसचा, आणि तोही हिवाळ्यातला. ३० डिसेंबर १९८६ रोजी स्विफ्ट करंट येथील संघाच्या बसला बर्फाळ रस्त्यावर अपघात होऊन चार खेळाडू मृत्युमुखी पडले, हे या संदर्भात विसरता येत नाही. घरापासून दूर आलेला खेळाडू एखाद्या यजमान कुटुंबात राहतो. शाळा आणि सराव दोन्ही सांभाळतो. संघ आपसांत खेळाडूंची अदलाबदलही करतात. मग त्याचे गाव, शाळा व यजमान हंगामाच्या मध्यावरच बदलतात.

मोबदला म्हणून किरकोळ भत्ता, आणि खेळलेल्या प्रत्येक हंगामामागे उच्च शिक्षणाच्या एका वर्षाचे शुल्क व पुस्तके. हे वेतन की शिष्यवृत्ती? २०१४ मध्ये कनिष्ठ खेळाडूंच्या किमान वेतनासाठी न्यायालयात दावे आले, तेव्हा ही मुले विद्यार्थी-खेळाडू आहेत, असा संघचालकांचा बचाव होता. ब्रिटिश कोलंबिया प्रांताने तर २०१६ मध्ये त्यांना किमान वेतनाच्या नियमांतून वगळले. याउलट, या संघांत व्यावसायिक करार केलेले खेळाडूही असतात, या कारणास्तव अमेरिकन विद्यापीठांच्या क्रीडासंघटनेने त्यांना अनेक वर्षे व्यावसायिक मानून आपली दारे बंद ठेवली होती. म्हणजे सीमेच्या उत्तरेस जो कामगार नव्हे, तोच दक्षिणेस विद्यार्थी-खेळाडूही नव्हे! दोन्ही निर्णयांत सोय कोणाची पाहिली गेली, हे वाचकांस सांगावयास नको.

नोव्हेंबर २०२४ मध्ये, ऐन हंगामात, अमेरिकन संघटनेने ही बंदी उठविली. निर्णय ऑगस्ट २०२५ पासून अमलात आला. त्या हंगामाचे विजेतेपद मेडिसिन हॅट संघाने मिळविले. त्याचा सतरा वर्षांचा खेळाडू गॅव्हिन मकेना याने ५६ सामन्यांत ४१ गोल केले व ८८ गोलांस साहाय्य केले. जुलै २०२५ मध्ये त्याने पेन्सिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठाकडून खेळण्याचा निर्णय जाहीर केला. वर्षापूर्वी ही वाट त्याला मोकळी नव्हती.