भीष्म कोणत्या चौकोनात?

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा टेबलाभोवती बसून, कागद आणि फासे घेऊन खेळायचा गोष्टीचा खेळ आहे. प्रत्येक खेळाडू एक पात्र घेतो आणि त्याची वृत्ती कागदावर लिहितो. १९७४ साली वृत्ती तीनच होत्या: नियम मानणारा, न मानणारा आणि मधला. १९७८ च्या नियमपुस्तकात सज्जन की दुर्जन हा प्रश्न वेगळा विचारला गेला आणि तीन गुणिले तीन, असे नऊ चौकोन झाले.

मला ही वाटणी फार उपयोगी वाटते. शिस्तीचा मुलगा म्हणजे चांगला मुलगा, असे आपण कॅडेट सहज धरून चालतो. मग भीष्मांना कुठे बसवाल? प्रतिज्ञा त्यांनी कधी मोडली नाही. पण द्यूतसभेत द्रौपदीने न्याय मागितला, तेव्हा धर्म सूक्ष्म आहे एवढेच म्हणाले. कौरव भावांपैकी बोलला तो एकटा विकर्ण. (कर्णावर तर आमचा वाद अजून मिटलेला नाही.)

काही जण 'माझ्या पात्राची वृत्तीच तशी' म्हणत सोबत्यांना लुबाडतात. ही निव्वळ पळवाट आहे. १९७८ चे नियम त्याबाबत कडक होते. पॅलाडिन या धर्मयोद्ध्याने शिस्त मोडली, तर त्याला कबुली देऊन प्रायश्चित्त घेता येई. जाणूनबुजून दुष्कृत्य केले, तर मात्र त्याचे पॅलाडिनपण कायमचे जाई.