पत्र्याच्या रुळांवरील आगगाडी

बंगळूरच्या छावणीत पहिली आगगाडी १८६४ साली मद्रासकडून आली. तिचे रूळ ब्रॉडगेजचे, म्हणजे एकमेकांपासून १६७६ मिलिमीटर अंतरावर टाकलेले होते. पुढे पुणे, बेळगाव, हुबळी या बाजूने जी गाडी येऊ लागली, तिचा मार्ग मात्र १००० मिलिमीटरचा, मीटरगेजचा. एका मार्गावरचा डबा दुसऱ्यावर चालणे शक्यच नव्हते. आज हे दोन्ही मार्ग ब्रॉडगेज झाले आहेत. परंतु दोन रुळांमधील अंतर एकदा ठरले, की पुढील सर्व गोष्टी त्याने बांधल्या जातात, हे खेळण्यातील आगगाडीच्या बाबतीतही तितकेच खरे आहे.

खेळण्यांच्या जगात ही शिस्त आणली ती जर्मनीतील मेर्क्लिन या कारखान्याने. ठराविक मापांचे, एकमेकांना जोडता येणारे रूळ त्याने १८९१ साली लाइपझिगच्या जत्रेत मांडले. त्या मापांच्या मालिकेतील ३२ मिलिमीटरचे ‘शून्य’ माप फार लोकप्रिय झाले. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यांनी १९२० पासून याच मापाच्या किल्लीच्या गाड्या काढल्या, आणि त्यांच्या पेट्या ब्रिटिश अमदानीत भारतातही येत असत. बंगळूरसारख्या जुन्या छावणीच्या शहरात एखाद्या घराच्या माळ्यावर असे रूळ सापडले, तर नवल वाटू नये.

ते सापडताच हाती पॉलिशकागद घेण्याचा मोह होतो. तो टाळलाच पाहिजे. हे रूळ पोलादी पत्रा दुमडून केलेले असून त्या पत्र्यावर कथिलाचा पातळ थर असतो. पितळी भांड्याला कल्हई करतात, त्याच जातीचा हा उपाय होय. कथील हवेत सहसा गंजत नाही. मात्र त्याचा थर खरवडला जाऊन खालचे लोखंड उघडे पडले आणि त्यावर दमट हवेतील पाणी साचले, म्हणजे विपरीत घडते. दोन धातूंची एक सूक्ष्म विद्युत्‌घटमाला तयार होते, तीत लोखंड झिजते आणि कथील सुरक्षित राहते. जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर नेमके याच्या उलट होते. तेथे जस्त स्वतः झिजून लोखंडाला वाचविते. म्हणून कथिलाच्या रुळावर ओरखडा काढणे म्हणजे गंजाला आमंत्रण देणे. रॉकेलमध्ये किंचित भिजविलेल्या मऊ फडक्याने पुसून कोरडे करावे, एवढेच पुरे. घासून उधळलेला थर परत येत नाही, आणि हॉर्नबीच्या कारखान्यातून असे रूळ निघणे बंद होऊन अर्धशतक उलटले आहे.

आता आखणीकडे वळू. लाकडी पट्ट्यांवर रूळ ठोकणाऱ्याला हवे तसे वळण देता येते. पत्र्याचा तुकडा मात्र जसा आला तसाच वापरावा लागतो. हॉर्नबीच्या दोन फूट त्रिज्येच्या वळणाला बारा तुकडे लागतात, म्हणजे एक तुकडा ३० अंश फिरवितो. एक फूट त्रिज्येच्या वर्तुळाला सहाच तुकडे पुरतात. तेथे प्रत्येक तुकडा ६० अंश वळतो. मार्ग जेथून निघाला तेथेच परत मिळावयाचा, तर सर्व वळणांची बेरीज ३६० अंश झाली पाहिजे. तेवढ्यानेही भागत नाही. एका बाजूस सरळ रुळाचा एक तुकडा घातला, तर समोरच्या बाजूसही तेवढ्याच लांबीचा घालावा लागतो. जोड ओढूनताणून बसविणे हा यावर उपाय नव्हे. तेथील खिळी सैल होते आणि गाडी नेमकी तेथेच घसरते.

भारतीय ब्रॉडगेजवरील सर्वांत तीव्र वळणाची त्रिज्या १७५ मीटर धरली जाते. सुमारे १ : ४३·५ या प्रमाणात ती चार मीटर होईल, म्हणजे अर्ध्या वर्तुळासाठीच आठ मीटर रुंदीचे दालन हवे! दोन फुटांचे वळण त्याहून साडेसहा पट तीव्र असते. म्हणून या रुळांवर लांब डबे शोभत नाहीत, चार चाकांचे आखूड डबेच शोभतात. दोन फूट त्रिज्येच्या मार्गासाठी फळी साडेचार फूट रुंद लागते. ती भिंतीला टेकवून ठेवली, तर पलीकडच्या टोकास घसरलेल्या इंजिनापर्यंत हात पोचत नाही. ती खोलीच्या मध्यभागी असावी.

पुलाचा हट्ट बहुतेकांना असतो. खालून गाडी जाण्यासाठी वरचा रूळ सुमारे १२ सेंटिमीटर उचलावा लागेल. बोरघाटात आणि गोव्याकडे उतरणाऱ्या ब्रागांझा घाटात चढ सदतिसास एक आहे, आणि तेथे मागून रेटणारी जादा इंजिने लागतात. तेवढा चढ मान्य केला तरी १२ सेंटिमीटर वर जाण्यास साडेचार मीटर आणि उतरण्यास तितकेच अंतर हवे. आठ फुटी फळीवरील संपूर्ण फेरा सुमारे सहा मीटरचा! पूल सोडून द्यावा हे बरे.

विजेच्या गाडीत दोन रुळांच्या मधोमध तिसरा रूळ असतो. दोनच रुळांच्या मार्गाने वळसा घालून गाडी मागे फिरविली, तर डावा रूळ उजव्याला येऊन मिळतो आणि विद्युत्‌मंडल लघुपथित होते. तीन रुळांत बाहेरचे दोन्ही एकाच ध्रुवाचे असल्याने ही अडचण येत नाही. मात्र पोलाद तांब्याच्या मानाने कितीतरी पट अधिक रोध करते, शिवाय प्रत्येक जोड आपला रोध वाढवितो. म्हणून वीज दोन-तीन ठिकाणी पुरवावी. हॉर्नबीच्या १९२५ च्या पहिल्या विजेच्या गाडीला घरातील वीज केवळ एका दिव्यातून दिली जात असे! असे कोणतेही जुने साधन मुलांच्या हाती देऊ नये. नवा, बंदिस्त, कमी दाबाचा ट्रान्सफॉर्मरच वापरावा.

स्टेशनच्या आसपास ठेवण्यासाठी घरे आणि झाडे हवीत, तर बंगळूर-म्हैसूर मार्गावरील चन्नपट्टणची लाखेने रंगविलेली लाकडी खेळणी जवळच मिळतात. नव्या पद्धतीचा, १ : ८७ प्रमाणाचा विस्तृत लोहमार्ग पाहावयाचा असल्यास पुण्यात भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले लघुरेल्वेचे संग्रहालय आहे, ते १९९८ साली लोकांस खुले झाले. तेथील वळणे आणि सांधे एकदा नीट पाहून मग आपल्या फळीवर कागदाचे तुकडे मांडावेत. पहिले काही दिवस रूळ ठोकू नयेत, नुसते जोडून ठेवावेत, आणि गाडी कोठे अडखळते तेथे खडूने खूण करावी.