पाणी बघून मासा, मासा बघून शेजारी

गटाच्या बैठकीत हल्ली शेळी, शिलाई मशीन आणि मसाल्याच्या जोडीला एक नवा विषय निघतो, तो म्हणजे शोभेचे मासे. दवाखान्यात, बँकेत, तालुक्याच्या दुकानात काचेची टाकी दिसते. आत हिरवीगार रोपं, त्यातून फिरणारे रंगीत मासे. बघत बसावंसं वाटतं. काही जणींना अशी टाकी घरात हौसेने हवी असते, काही गटांना मासे वाढवून विकायचे असतात. पण दोघींची गाडी एकाच ठिकाणी अडते. टाकी मांडून पंधरा दिवस होत नाहीत तोवर मासे मरायला लागतात. मग कुणी नजर लागली म्हणतं, कुणी दुकानदाराला नावं ठेवतं.

बहुतेक वेळा कारण साधं असतं. मासे रंग बघून घेतलेले असतात. ते आपल्या पाण्यात जगतील का, आणि एकमेकांबरोबर राहतील का, हे दोन प्रश्न कुणी विचारलेलेच नसतात. आज आपण हे दोन प्रश्न नीट समजून घेऊ.

आधी आपलं पाणी ओळखा

पाण्याचा स्वभाव आपल्याला स्वयंपाकघरातच कळतो. डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, पातेल्याच्या तळाला पांढरा थर बसतो, ते जड पाणी. त्यात चुन्यासारखे क्षार जास्त असतात. माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ या भागात बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी असं असतं. महाबळेश्वर, जावळी, पाटण, शिराळा या डोंगरी भागातलं झऱ्याचं पाणी मात्र हलकं. मधल्या नदीकाठच्या गावांत नळाचं पाणी वेगळं आणि घरच्या विहिरीचं वेगळं, असंही असतं.

खात्री करायची असेल तर फार लांब जायला नको. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच महिलांना पाणी तपासायचं प्रशिक्षण आणि तपासणी संच देण्याची सोय आहे. त्या पाच जणींपैकी एखादी आपल्याच गटात असेल. तिला पाण्याचा जडपणा आणि सामू, म्हणजे पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी, हे बघायला सांगा.

आता मासे. गप्पी आपल्या ओळखीचा. डासांच्या अळ्या खाण्यासाठी आरोग्य खात्याची माणसं टाक्यांमध्ये सोडतात, तोच हा. त्याचेच रंगीत, मोठ्या शेपटीचे प्रकार दुकानात गप्पी म्हणूनच मिळतात. गप्पी, मोली, प्लेटी आणि स्वोर्डटेल हे मासे अंडी न घालता थेट पिल्लं देतात आणि त्यांना जड पाणी मानवतं. म्हणजे ज्या पाण्याला आपण वर्षानुवर्षं नावं ठेवतो, ते या माशांसाठी चांगलं आहे.

याउलट लाल-निळा चमकणारा निऑन टेट्रा मूळचा ॲमेझॉन नदीच्या खोऱ्यातला. तिथलं पाणी हलकं आणि थोडं आंबट. तो जतच्या बोअरच्या पाण्यात टाकला तर तग धरणं अवघड. पाणी बदलायच्या औषधांवर पैसे घालवण्यापेक्षा आपल्या पाण्याला चालणारा मासा आणणं स्वस्त पडतं.

अजून दोन गोष्टी. ग्रामपंचायतीच्या पाण्यात टीसीएल पावडर असते. त्यातलं क्लोरीन माशांच्या कल्ल्यांना भाजतं. ते पाणी बादलीत किंवा टबात उघडं ठेवून एक दिवस जाऊ द्या, मगच टाकीत घाला. आणि पाण्याच्या एटीएममधलं आरओचं पाणी स्वच्छ असतं म्हणून तेच भरू नका. त्यातले क्षार काढून टाकलेले असतात आणि माशांना थोडे क्षार लागतातच.

शेजारी कसा निवडायचा?

सून आणताना आपण घर बघतो, माणसं बघतो. टाकीतही तसंच. मासा घेण्याआधी दुकानदाराला पाच प्रश्न विचारा.

पहिला, मोठा झाल्यावर केवढा होतो? दुकानात सगळे मासे बोटाएवढेच दिसतात. काच साफ करणारा म्हणून विकला जाणारा सकर मासा दीड फुटापर्यंत वाढतो. एंजल मासा लहानपणी निऑनबरोबर गुण्यागोविंदाने राहतो आणि मोठा झाला की त्यालाच गिळतो. ज्याच्या तोंडात जो मावतो तो त्याचा घास, हा टाकीतला पक्का नियम. ओढ्यातलं मरळीचं पिल्लू कितीही सुंदर दिसलं तरी लहान माशांत टाकायचं नाही, ते याच कारणाने.

दुसरा, स्वभाव कसा आहे? टायगर बार्ब लांब शेपटीवाल्यांच्या शेपट्या कुरतडतो. त्याच्याजवळ गप्पी किंवा एंजल नको. फायटरचे दोन नर एका टाकीत ठेवले तर मरेपर्यंत भांडतात. गप्पीच्या नराची रंगीत शेपटी बघूनही फायटर चवताळतो. फ्लॉवरहॉर्न आणि ऑस्कर तर एकलकोंडेच. त्यांना स्वतंत्र मोठी टाकी लागते.

तिसरा, कळपात राहतो का? झेब्रा, टेट्रा, बार्ब, कोरी हे कळपाचे मासे. एक-दोनच आणले तर ते भेदरतात, कोपऱ्यात बसतात, नाही तर दुसऱ्यांना त्रास देतात. निदान सहा तरी हवेत. चार जातींचे दोन-दोन घेण्यापेक्षा एका जातीचे आठ घेतले तर टाकीही छान दिसते.

चौथा, कुठल्या थरात फिरतो? काही मासे वर, काही मध्ये, काही तळाशी राहतात. तिन्ही थरांत वाटणी झाली की गर्दी होत नाही आणि खाण्यावरून ओढाताणही कमी होते.

पाचवा, पाणी किती उबदार लागतं? गोल्डफिश हा थंड पाण्याचा मासा. आठ सोनेरी आणि एक काळा असा वास्तूचा जोड लोक हमखास मागतात. ठेवायचे तर त्यांची टाकी वेगळी आणि मोठी ठेवा. ते फार घाण करतात आणि कोवळी रोपं खातात, उपटतात. रोपांच्या टाकीत त्यांचं काम नाही.

रोपं शोभेपुरती नाहीत

माशांच्या विष्ठेतून जे पाण्यात उतरतं, ते रोपांचं खत. रोपं ते शोषून घेतात, उजेडात प्राणवायू देतात आणि घाबरट माशाला, नव्या पिल्लाला लपायला जागा देतात. दोन माशांचं भांडण झालं तर मध्ये आडोसा होतो. म्हणून रोपं असलेल्या टाकीत शेजार चांगला टिकतो.

सुरुवातीला चिवट रोपं घ्या. वॅलिस्नेरिया म्हणजे पट्टीसारख्या लांब पानांचं गवत, आणि हॉर्नवर्ट, ही दोन्ही जड पाण्यात चांगली वाढतात. जावा फर्न आणि अनुबियास मातीत पुरायचे नाहीत, दोऱ्याने दगडाला बांधायचे. नवी रोपं टाकीत लावण्याआधी दोन-तीन तास तुरटीच्या पाण्यात ठेवून स्वच्छ धुवा. रोपांबरोबर गोगलगायी आणि किडे येतात, ते कमी होतात. टाकी खिडकीच्या उन्हात ठेवू नका, हिरवं शेवाळ माजतं. दिव्याचा सहा ते आठ तासांचा उजेड पुरतो.

दोन टाक्यांचा हिशेब

तीन फूट लांब, एक फूट रुंद, सव्वा फूट उंच अशी टाकी धरू. तिच्यात काठोकाठ सुमारे 106 लिटर पाणी मावतं. वाळू आणि वरची मोकळी जागा सोडली तर 85 ते 90 लिटर. एक लिटर म्हणजे एक किलो, म्हणून टाकी भक्कम टेबलावरच ठेवा.

जड पाण्याच्या गावासाठी: आठ गप्पी, सहा प्लेटी, चार मोली. वॅलिस्नेरिया आणि हॉर्नवर्ट भरपूर. पिल्लं नको असतील तर सगळे नर घ्या. हवी असतील तर एका नरामागे दोन-तीन माद्या ठेवा, म्हणजे एकाच मादीच्या मागे नर लागत नाहीत. पिल्लं महिन्या-महिन्याला होतात आणि मोठे मासे ती खातात. विकायची असतील तर वेगळ्या टबात काढावी लागतात.

हलक्या पाण्याच्या गावासाठी: वर फिरणारे आठ झेब्रा, मध्ये सहा चेरी बार्ब, तळाशी पाच-सहा कोरी. तळाला बारीक गोल वाळू घाला. टोकदार खडीने कोरीच्या मिशा झिजतात. यातला झेब्रा आपल्या देशातल्या ओढ्यांचा मासा आहे. जगभरचे शास्त्रज्ञ त्याच्यावर संशोधन करतात, पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतही ते चालतं. चिवट आहे, थंडी सोसतो, म्हणून डोंगरी गावातल्या हिवाळ्यातही चालतो.

उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत पाणी फार तापतं आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी राहतो. त्यात लाईट गेली की पंप बंद. म्हणून टाकी कधी ठासून भरू नका. वर सांगितलेल्या संख्येपेक्षा चार कमी चालतील, चार जास्त नकोत.

टाकीलाही विरजण लागतं

माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. तो विषारी असतो. पाण्यातले चांगले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्रेट बरंच कमी घातक असतं आणि रोपं ते खतासारखं घेतात. पण हे जिवाणू वाळूत आणि फिल्टरच्या स्पंजमध्ये वसायला साधारण चार-सहा आठवडे लागतात. नव्या टाकीत पहिल्याच दिवशी वीस मासे सोडले तर ते आपल्याच घाणीने मरतात.

दूध तसंच ठेवून चांगलं दही लागत नाही, विरजण घालावं लागतं. ओळखीच्या कुणाची निरोगी, जुनी टाकी असेल तर तिच्या फिल्टरमधला स्पंजचा तुकडा आणून आपल्या फिल्टरमध्ये ठेवा. रोपं लावा, पंप चालू ठेवा. मग आधी चारच मासे सोडा आणि पुढे आठवड्याला तीन-चार वाढवा. दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदला. सगळं पाणी काढून टाकी घासूनपुसून लख्ख करायची नाही आणि स्पंज नळाखाली धुवायचा नाही, नाही तर विरजणच वाहून जातं. टाकीतूनच काढलेल्या पाण्यात तो हलकेच पिळा. खाणं दोन मिनिटांत संपेल एवढंच टाका.

नवा मासा आणल्यावर पिशवी वीस मिनिटं टाकीत तरंगत ठेवा, मग टाकीतलं थोडं थोडं पाणी पिशवीत घालत जा. जमलं तर नवे मासे दोन आठवडे वेगळ्या टबात ठेवून बघा. एका आजारी माशामुळे सगळी टाकी जाते.

नको झालेला मासा नदीत नाही

मासा मोठा झाला, कंटाळा आला, म्हणून कुणी नदीत किंवा तळ्यात सोडतं. वाटतं, जीव वाचवला, पुण्य मिळालं. पण सकर मासा असाच देशातल्या कितीतरी नद्या-तलावांत पसरला आहे. उजनीच्या जलाशयातही तो मासेमारांच्या जाळ्यात येतो. त्याची पाठ काटेरी, जाळी फाडते आणि त्याला बाजारात भावही नाही. एकाच्या हौसेने दुसऱ्याच्या घरची चूल अडते. म्हणून सकर घेऊच नका, आणि नको असलेला कुठलाही मासा दुकानदाराला किंवा दुसऱ्या हौशीला परत द्या. रोपं छाटलेली असतील तर ती ओढ्यात न टाकता खतात टाका.

तसंच कोयना आणि चांदोलीच्या राखीव जंगलातल्या ओढ्यांमधून मासे पकडून आणायचे नाहीत. तो कायद्याने गुन्हा आहे.

गटाने धंदा करायचा तर

2020 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत परसातल्या शोभेच्या माशांच्या युनिटसाठी 3 लाख रुपये प्रकल्प खर्च धरलेला आहे. महिलांना त्याच्या 60 टक्के, म्हणजे 1 लाख 80 हजारांपर्यंत अनुदानाची तरतूद आहे. राहिलेले 1 लाख 20 हजार आपले किंवा कर्जाचे. यंदा निधी आहे का, कागद कुठले लागतात आणि अनुदान कधी हातात येतं, हे साताऱ्यात किंवा सांगलीत सहायक आयुक्त मत्स्यव्यवसाय यांच्या कार्यालयात जाऊन विचारा. मगच बँकेची पायरी चढा.

अनुदान आहे म्हणून एकदम दहा जाती आणू नका. अंतर्गत कर्जातून उचललेला पैसा सगळ्या जणींचा असतो. आधी एक टाकी, एक जात, एक उन्हाळा काढून बघा. जड पाण्याच्या गावाने गप्पी-मोलीपासून सुरुवात करावी. पाणी आपलं, पिल्लं घरची, खर्च कमी.

आणि विकताना गिऱ्हाइकाला दोन प्रश्न विचारायचे: ताई, तुमच्याकडे पाणी कुठलं? टाकीत आधी कुठले मासे आहेत? उत्तर ऐकून कधी कधी म्हणावं लागेल, हा मासा तुमच्याकडे नको. त्या दिवशी पन्नास रुपये कमी मिळतील. पण ज्याच्या टाकीत मासे जगतात, तोच गिऱ्हाईक पुन्हा येतो आणि शेजारच्यालाही घेऊन येतो.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने आपल्या घरचं पाणी एका बाटलीत आणावं. पाणी तपासणाऱ्या मैत्रिणीला बोलवा. कुणाचं जड, कुणाचं हलकं याची यादी वहीत लिहा. कुठला मासा आणायचा, हे त्या यादीवरूनच ठरवा.