लूमवर टोपी विणू या



ग्वाल्हेरच्या जानेवारीत, धुक्याच्या सकाळी, पहिलीची मुले उघड्या कानांनी प्रार्थनेच्या रांगेत उभी असलेली आम्ही दरवर्षी पाहतो. म्हणून यंदा हस्तकलेच्या तासाला सहावी ते आठवीची मुले-मुली त्यांच्यासाठी टोप्या विणणार आहेत. विणकाम फक्त मुलींचे, असे कोणी म्हणू नये. थंडी सर्वांनाच वाजते.

साहित्य : ३६ खुंट्यांचे गोल लूम, जाड लोकर, लूमसोबत मिळणारी आकडी आणि मोठ्या नेढ्याची बोथट सुई. लोकर बारीक असल्यास दोन धागे एकत्र घ्यावेत, नाहीतर टोपी जाळीदार होते.

सुलट टाका : लोकरीचे टोक लूमच्या बाजूच्या खुंटीला बांधावे. धागा आतून आणून पहिल्या खुंटीला बाहेरून पूर्ण वेढा द्यावा व पुन्हा आत न्यावा. असे सर्व खुंट्यांना करावे. मग दुसरी फेरी तशीच घ्यावी. आता आकडीने प्रत्येक खुंटीवरील खालचा वेढा वरच्या वेढ्यावरून उचलून आतल्या बाजूस सोडावा. एक ओळ झाली. पुढे प्रत्येक ओळीला एकच नवी फेरी घ्यायची.

उलट टाका : धागा खुंटीवरील वेढ्याच्या खाली धरावा. आकडी वेढ्यातून वरून खाली घालून धाग्याची कडी वर ओढावी. जुना वेढा काढून ती कडी खुंटीवर चढवावी.

नुसते सुलट विणले तर काठ गुंडाळतो. म्हणून सुरुवातीच्या ८ ओळी दोन सुलट, दोन उलट अशा विणाव्यात. ३६ ला ४ ने भाग जातो, त्यामुळे नक्षी फेरीअखेर बरोबर जुळते. पुढे सुमारे १८ सेंटिमीटर उंचीपर्यंत सर्व सुलट.

शेवट : लूमच्या घेराच्या दुप्पट धागा ठेवून कापावा व सुईत ओवावा. सुई प्रत्येक वेढ्यातून खालून वर काढत वेढे उतरवावेत. धागा आवळून आतून गाठ मारली की टोपी तयार.

वेढे सैल ठेवावेत. आम्ही स्वतः पहिली टोपी विणताना धागा इतका ताणला की आकडी वेढ्याखाली जाईना. शेवटी सातवीच्या एका विद्यार्थिनीने ती सोडवून आम्हाला पुन्हा पहिल्या ओळीपासून बसवले! चुकले तर उसवावे, लोकर वाया जात नाही.

आणखी एक विनंती. बाजारात आपली मुले ऊन, सलाई, फंदा हे शब्द ऐकतात. लोकर, सुई, टाका, सुलट-उलट हे शब्द त्यांना घरच्या आजीकडूनच मिळतील. तेव्हा ज्या आजींना वेळ असेल त्यांनी हस्तकलेच्या तासाला शाळेत जरूर यावे. मुलांच्या हाताला वळण लागेल आणि चार मराठी शब्दही त्यांच्या तोंडी बसतील.

संक्रांतीपूर्वी पहिलीच्या प्रत्येक मुलाच्या डोक्यावर टोपी असावी, एवढीच आमची इच्छा आहे.