वाडग्यातले जेवण आणि आपले चिपाड



ऊसबिलाचे पैसे हाती आले की ते कुठे घालावेत, हा प्रश्न घरोघरी असतो. आमच्या परिचयाच्या एका सभासदाने ते मुलाच्या खाणावळीत घातले. पोरगा शहरात कॉलेजजवळ गाळा घेऊन बसला. थाळी चांगली चालली. पुढे गिऱ्हाईक मोबाईलवरून घरपोच जेवण मागवू लागले, तेव्हा त्याने तीच थाळी पिशव्यांत बांधून धाडली. आमटी सांडली, भाकरी वातड झाली, पापड मऊ पडला. तक्रारींनी जीव नकोसा झाला. शेवटी बापाने विचारले, "गाळा सोडायचा का रे?" गाळा सुटला नाही, पार्सलची थाळी मात्र सुटली. तिच्या जागी वाडगा आला. असा धंदा करावा असे आणखी काही घरांत बोलले जाते, म्हणून त्यातले वर्म येथे सांगत आहोत.

वाडगा-जेवण म्हणजे काय?

एका खोलगट भांड्यात तळाला भात, त्यावर कालवण, बाजूला भाजी नि कोशिंबीर. एका चमच्याने, भांडे हातात धरून खाता येईल असे पुरे जेवण. ही कल्पना आजची नव्हे. जपानात भातावर कालवण घातलेल्या वाडग्याला दोनबुरी म्हणतात. कोरियातल्या बिबिंबापचा अर्थच मुळी 'कालवलेला भात'. आणि आपली मिसळ तरी दुसरे काय आहे?

तोडलेला ऊस आणि शिजलेले अन्न

तोडलेला ऊस लवकर गाळपाला गेला नाही तर वजन घटते नि उताराही घटतो, हे आपणास सांगावयास नको. शिजलेल्या अन्नाचेही तसेच आहे. चुलीवरून उतरल्यापासून गिऱ्हाइकाच्या तोंडी पडेपर्यंत अर्धा-पाऊण तास जातो. तेवढ्या वेळात काय बिघडेल, हे ओळखून वाडगा भरावयाचा असतो.

भात मोकळा आणि किंचित कणीदार ठेवावा, कारण वाटेत तो रस पितो. कालवण पातळ नको. मटकीची उसळ, पिठले, घट्ट डाळ, सुके चिकन हे पदार्थ वाडग्याला मानवतात. तर्री द्यायची तर वेगळ्या डबीत द्यावी. कोशिंबिरीला मीठ अगदी शेवटी लावावे, कारण मिठाने तिला पाणी सुटते. दही आणि गार पदार्थ गरम भातावर घालू नयेत. शेव, दाणे, पापड यांची पुडी निराळी द्यावी. वाफाळत्या अन्नावर झाकण घट्ट लावले की आत पाणी धरते नि तेच खाली गळते, म्हणून मिनिटभर वाफ जाऊ द्यावी.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळावी. भात सकाळी शिजवून दिवसभर तसाच ठेवू नये. तांदळातल्या काही जंतूंची बीजे शिजवूनही मरत नाहीत. कोमट भातात ती वाढतात आणि त्यांनी केलेले विष पुन्हा गरम करूनही जात नाही. भात एकतर ६० अंशांच्या वर गरम ठेवावा, नाहीतर थोडाथोडा ताजा शिजवावा.

हिशेब

उदाहरणादाखल, वाडग्याची किंमत १२० रुपये धरू. घरपोच करणाऱ्या कंपनीचे कमिशन ३० रुपये, शिधा ४५, गॅस-मजुरी २०, वाडगा-झाकण ८. एकूण खर्च १०३, हाती राहिले १७. आता एक वाडगा खराब म्हणून परत आला, तर कमिशन सोडले तरी ७३ रुपये बुडाले. म्हणजे चार वाडग्यांचा नफा गेला! तसेच भात, उसळ प्रत्येक वेळी तोलून किंवा ठरल्या पळीने घालावी. हाताच्या अंदाजाने वाढण्यात नफा कधी संपतो ते कळतही नाही.

वाडगा कशाचा?

इथे आपला संबंध येतो. शंभर टन उसामागे सुमारे २८ ते ३० टन चिपाड, म्हणजे बगॅस निघते. त्यात जवळजवळ निम्मे पाणी असते. ते बॉयलरमध्ये जळते, त्यावर कारखाना चालतो नि वीजही होते. त्याच चिपाडाचा लगदा करून, तापलेल्या साच्यात दाबून वाडगे बनतात. प्लॅस्टिकच्या थाळ्या, पेले, चमचे यांवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आल्यापासून अशा भांड्यांना मागणी आहे. ती गरम अन्न सोसतात आणि खतात कुजतात. पण फार वेळ रस्सा राहिला तर तळ मऊ पडतो, म्हणूनही कालवण घट्टच हवे.

तात्पर्य काय?

धंद्यात उतरण्यापूर्वी अन्न परवान्याची नोंदणी करावी. आणि भांडवल घालण्याआधी दहा वाडगे भरावेत, मोटारसायकलवर बांधून गावाला फेरी मारावी आणि पाऊण तासाने घरच्या मंडळींनी ते उघडून खावेत. आपल्याला जो वाडगा गोड लागला नाही, तो गिऱ्हाइकाला पाठवू नये. त्या सभासदाच्या मुलाने हेच केले. पहिले चार बेत त्याच्या आईने नापास केले, पाचवा पास झाला. गाळ्याचे भाडे आज त्याच वाडग्यातून निघते.