दुखरी बरगडी आणि क्वार्टरबॅकचा हट्ट

१५ सप्टेंबर २०२२ची रात्र. कॅन्सस सिटीच्या ॲरोहेड स्टेडियमवर सामना शेवटच्या टप्प्यात आला होता. लॉस एंजेलिस चार्जर्सच्या जस्टिन हर्बर्टने चेंडू फेकला न फेकला, तोच समोरच्या संघाचा शंभर किलोंहून जड गडी त्याच्या बरगड्यांवर आदळला. हर्बर्ट बराच वेळ उठलाच नाही. नंतर तो एका खेळीपुरता बाहेर गेला आणि परत आला. थोड्या वेळाने त्याच्यापुढे मोकळी वाट होती, चार पावलं धावला असता तरी काम झालं असतं. तो धावला नाही, चेंडू सरळ बाहेर टाकून दिला. ज्याला चार पावलं धावता येत नव्हती, त्यानेच पुढच्या खेळीत ३५ यार्डांचा अचूक पास दिला! सामना चार्जर्सने २७-२४ असा गमावला. हर्बर्टच्या बरगडीची कूर्चा मोडली होती, हे दुसऱ्या दिवशी प्रशिक्षक ब्रँडन स्टेली यांनी सांगितलं.

अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू हातात घेऊन पळतात आणि हातानेच फेकतात. तो फेकणारा, प्रत्येक चालीची सुरुवात करणारा खेळाडू म्हणजे क्वार्टरबॅक. साहजिकच प्रतिस्पर्धी त्यालाच आडवा करायला टपलेले असतात. पुढचे दहा दिवस चार्जर्सच्या चाहत्यांच्या तोंडी एकच विषय होता: हर्बर्ट खेळणार का, आणि त्याने खेळावं का? २५ सप्टेंबरला तो जॅक्सनविलविरुद्ध खेळला. संघ ३८-१० असा धुतला गेला आणि निकाल स्पष्ट झाल्यावरही हर्बर्ट मैदानातच होता. त्याला सहकाऱ्यांसोबत राहायचं होतं, असं स्टेली यांनी नंतर सांगितलं. चाहते चिडले. मला त्यांची चिडचिड रास्त वाटते. पण ‘त्याला किती दुखत असेल’ या प्रश्नापाशी थांबून चालणार नाही. नेमकं काय मोडलंय, त्यावर पुन्हा मार बसला तर काय होईल आणि हे ठरवतंय कोण, हे विचारायला हवं.

बरगड्यांच्या बारा जोड्या असतात. वरच्या दहा जोड्या पुढच्या बाजूला कूर्चेच्या पट्ट्यांनी छातीच्या हाडाशी जोडलेल्या असतात. काही थेट, तर काही वरच्या बरगडीच्या कूर्चेला धरून. ही कूर्चा लवचीक असते म्हणूनच श्वास घेताना पिंजरा फुलतो. मात्र तिच्यात रक्तवाहिन्या नसतात. मोडलेल्या हाडात रक्त साकळतं, तिथे दुरुस्तीचं काम लगेच सुरू होतं आणि साधारण सहा आठवड्यांत हाड सांधतं. कूर्चेला भोवतालच्या आवरणातून झिरपेल तेवढंच पोषण मिळतं, त्यामुळे तिला जास्त वेळ लागतो. साध्या एक्स-रेमध्ये ती सहसा दिसतही नाही. बरं, हात मोडला तर तो गळ्यात अडकवता येतो, बरगडीला विश्रांती द्यायची कशी? माणूस दिवसभरात वीसेक हजार वेळा श्वास घेतो. पूर्वी छाती पट्ट्याने घट्ट आवळत असत. आता तसं करत नाहीत, कारण दुखऱ्या छातीने माणूस आधीच उथळ श्वास घेतो. फुप्फुसाचा तळ नीट फुलला नाही, तर तिथे कफ साठून न्यूमोनिया होऊ शकतो.

त्यात क्वार्टरबॅकचं काम असं, की लांबचा पास नुसत्या हाताने जात नाही. आधी कंबर वळते, मागोमाग छाती आणि शेवटी खांदा. ओला कपडा पिळावा तसं धड पिळलं जातं आणि तो पीळ सुटतो तेव्हा चेंडूला वेग येतो. हा सगळा ताण बरगड्यांना चिकटलेल्या स्नायूंमधून जातो.

मग हर्बर्टने तो ३५ यार्डांचा पास दिला कसा? दुसऱ्या महायुद्धात हेन्री बीचर या अमेरिकी भूलतज्ज्ञाने इटलीच्या आघाडीवरच्या जबर जखमी सैनिकांना वेदनाशामक हवं का, असं विचारलं होतं. सुमारे तीन चतुर्थांश जणांनी नको म्हटलं. १९४६ साली बीचरने ही निरीक्षणं प्रसिद्ध केली. पुढे १९६५ मध्ये रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी मांडलं, की दुखापतीच्या जागेकडून निघालेला संदेश मज्जारज्जूतल्या एका फाटकातून जातो आणि ते फाटक किती उघडायचं यावर मेंदूचाही ताबा असतो. त्या मांडणीचे तपशील नंतर बदलले, मूळ कल्पना टिकली. जिवावरच्या प्रसंगात मेंदू स्वतःची अफूसारखी रसायनं सोडतो आणि वेदना मागे सारतो. ती किती जाणवते, यावरून इजा किती झाली हे ठरवता येत नाही. म्हणून ‘मी ठीक आहे’ हे खेळाडूचं म्हणणं प्रामाणिक असूनही चुकीचं असू शकतं.

मेंदूने आपणहून फाटक लावलं नाही, तर डॉक्टर सुई काढतात. प्रत्येक बरगडीच्या खालच्या कडेला एक खाच असते आणि तिथून मज्जातंतू जातो. त्याच्याजवळ भुलीचं औषध सोडलं, की तंतूतल्या सोडियमच्या वाटा बंद होतात, संदेश पुढे सरकत नाही आणि सामना संपेपर्यंत छातीचा तेवढा भाग बधिर राहतो. पण त्या खाचेपासून फुप्फुसाचं आवरण जेमतेम काही मिलिमीटरवर असतं. सुई तेवढी आत गेली, तर आवरणाच्या पोकळीत हवा शिरते आणि फुप्फुस आक्रसतं.

हे चार्जर्सच्याच संघात घडलं होतं. २० सप्टेंबर २०२० रोजी, सामना सुरू व्हायच्या थोडंसं आधी, क्वार्टरबॅक टायरॉड टेलरच्या दुखऱ्या बरगड्यांवर असंच इंजेक्शन देताना संघाच्या डॉक्टरच्या हातून त्याचं फुप्फुस टोचलं गेलं. टेलर रुग्णालयात गेला आणि ऐन वेळी एका नवख्या खेळाडूला मैदानात उतरवलं. तो नवखा म्हणजे जस्टिन हर्बर्ट. टेलरला ती जागा पुन्हा मिळाली नाही. दोन वर्षांनी हर्बर्टच्याच बरगडीची बातमी आली, तेव्हा जुन्या चाहत्यांच्या पोटात गोळा आला असेल तर नवल नाही.

सुईशिवायचा उपायही याच खेळाने शोधला. १९७८ मध्ये ह्यूस्टन ऑयलर्सचा क्वार्टरबॅक डॅन पास्टोरिनी बरगड्या मोडून रुग्णालयात पडला होता. बायरन डॉन्झिस नावाचा एक संशोधक सोबत्याला घेऊन त्याच्या खोलीत आला, अंगात स्वतः बनवलेलं जाकीट घालून. सोबत्याने बेसबॉलच्या बॅटने डॉन्झिसच्या बरगड्यांवर जोरदार तडाखा मारला आणि डॉन्झिस जागचा हलला नाही. पास्टोरिनीला ते जाकीट तिथल्या तिथे हवंसं झालं. त्यात हवेचे कप्पे होते. एका जागी बसणारा मार ते मोठ्या भागावर पसरवत आणि धक्क्याचा वेळही किंचित लांबवत. आजची बरगडी-कवचं याच तत्त्वावर चालतात. दुखणं ती कमी करत नाहीत, पुढची इजा मात्र कमी करू शकतात. मला हा मार्ग बधिर करण्यापेक्षा केव्हाही बरा वाटतो.

गुडघ्याची गोष्ट वेगळी. वॉशिंग्टनचा क्वार्टरबॅक रॉबर्ट ग्रिफिन याच्या उजव्या गुडघ्याचा बाहेरचा अस्थिबंध डिसेंबर २०१२ मध्ये ताणला गेला होता. ६ जानेवारी २०१३च्या सामन्यात तो पहिल्याच सत्रात लंगडायला लागला. खेळू शकतो, असं त्याने प्रशिक्षकांना सांगितलं आणि ते मानलं गेलं. शेवटच्या सत्रात खाली पडलेल्या चेंडूकडे वळताना गुडघा वाकडा होऊन मुडपला, त्या वेळी कोणी त्याला धडकलंही नव्हतं. बाहेरचा अस्थिबंध आणि सांध्यातला पुढचा अस्थिबंध दोन्ही दुरुस्त करावे लागले. त्या मोसमात आक्रमणातला सर्वोत्तम नवोदित ठरलेला ग्रिफिन पुन्हा तसा खेळला नाही. सैल सांध्यावर प्रत्येक पावलागणिक भार चुकीच्या जागी पडतो, आणि ते सोसण्याच्या ताकदीने भरून निघत नाही. हर्बर्टला कूर्चा छळत होती, पण तो मोसमातले सगळे १७ सामने खेळला. दोघांनीही दुखणं सोसलं. धोका मात्र सारखा नव्हता.

हा फरक ओळखायचा कोणी? खेळाडूला मैदानात राहायचं असतं आणि प्रशिक्षकाला जिंकायचं असतं. डॉक्टरची नेमणूक संघाने केलेली असते. डोक्याच्या दुखापतीसाठी मात्र एनएफएल या व्यावसायिक लीगने २०१३ पासून संघाशी संबंध नसलेला मेंदूतज्ज्ञ मैदानावर ठेवला. ही व्यवस्थाही चुकली आहे. हर्बर्ट जॅक्सनविलविरुद्ध खेळला त्याच दिवशी मायामीत टुआ टॅगोव्हायलोआ हा क्वार्टरबॅक डोकं आपटून झोकांड्या खाल्ल्यावरही परत खेळला आणि चार दिवसांनी पुन्हा जायबंदी झाला. पण तिथे चौकशी झाली, त्या तज्ज्ञाला काढलं गेलं आणि ऑक्टोबरमध्ये नियम कडक झाला: झोकांडी गेली की सामना संपला. बरगडी, गुडघा आणि घोट्यासाठी असा बाहेरचा डॉक्टर आजही सक्तीचा नाही. तो असलाच पाहिजे, आणि भुलीची सुई त्याच्या संमतीशिवाय कोणत्याही खेळाडूला टोचली जाता कामा नये.